ज्या संगीताची तबकडी निघाली नाही

वर्धा जिल्ह्यात पुलगावला खेटून वसलेले नाचणगाव हे माझे गाव. आणि या गावातील आमच्या घराच्या फडताळात, जुन्या लग्नपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या आणि बंद पडलेली दोन घड्याळे यांच्या सोबतीने, साठ मिनिटांची एक कॅसेट गेली कित्येक वर्षे जपून ठेवलेली आहे. तिच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईत ‘अचानक, दूरदर्शन’ एवढाच मजकूर आहे. गुलज़ार यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७३ सालच्या या चित्रपटात गाणी नाहीत. आहे ते केवळ पार्श्वसंगीत, आणि ते वसंत देसाई यांचे आहे. सिंधुदुर्गातील सोनवडे या गावी १९१२ साली जन्मलेले, ‘प्रभात’ या चित्रसंस्थेत उमेदवारी करून पुढे ‘राजकमल’मध्ये नावारूपास आलेले, ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटांचे हे संगीतकार २२ डिसेंबर १९७५ रोजी लिफ्टच्या अपघातात गेले. म्हणजे ‘अचानक’ हे त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या पर्वातील काम होय. गाणीच नसल्यामुळे गाण्यांची तबकडी निघण्याचा प्रश्न उद्भवला नाही. आणि ज्याला ते संगीत पुन्हा ऐकावयाचे होते त्याला, दूरदर्शनवर तो चित्रपट लागेल त्या दिवशी टेपरेकॉर्डर संचापुढे ठेवून दोन बटणे एकदम दाबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या फितीवर वसंत देसाई यांच्या वाद्यमेळाबरोबर आमच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिटी आहे, ॲन्टेना हलल्यामुळे आलेली खरखर आहे, आणि एका अत्यंत नाजूक जागी, सारी वाद्ये थांबून एकच सूर उरलेला असताना, “नळ आले पाय, बंद कर ते!” असा माझ्या आईचा आवाज आहे. पुष्कळ वर्षे मला त्या आवाजाचा राग येत असे. आज ती फीत ऐकताना मी त्या जागेची वाट पाहतो.

असे संगीत, की जे लाखो लोकांनी चित्रपटगृहात ऐकले परंतु जे विकत कधीच मिळाले नाही, ते गोळा करण्याचा छंद जगभर आहे. आपल्याकडे त्याची रीतसर कैफियत फारशी कोणी मांडलेली नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वस्तूचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. चित्रपटाचा ध्वनी एकसंध ऐकू येत असला तरी तो तीन स्वतंत्र प्रवाहांचा संगम असतो: संवाद, नाद-परिणाम आणि संगीत. चित्रीकरण व संकलन आटोपल्यावर संगीतकार एकेक रीळ पडद्यावर पाहतो, कोठे सूर सुरू व्हावा आणि कोठे थांबावा याचे सेकंदांत टिपण करतो, आणि मग वाद्यवृंदासमोर तेच रीळ चालवून त्याच्या मापाने संगीत ध्वनिमुद्रित होते. हॉलिवुडमध्ये या तुकड्यांना रिळाच्या अनुक्रमाने नावे देण्याचा शिरस्ता आहे. ‘सात एम तीन’ म्हणजे सातव्या रिळातील संगीताचा तिसरा तुकडा. त्यानंतर पुनर्मुद्रणाच्या मंचावर, ज्याला आपल्या चित्रपटसृष्टीत ‘री-रेकॉर्डिंग’ म्हणतात, तिन्ही प्रवाह एकत्र मिसळले जातात. परळच्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई हे या कलेतील भारतातले अग्रगण्य पुरुष. ‘पाकीज़ा’ आणि ‘शोले’ यांचे मिश्रण त्यांच्या हातचे. संवाद कोठे वर यावा, पावसाने सतारीला कोठे वाट द्यावी, हे सारे तेथे ठरते. आणि एकदा ठरले की दुधात साखर विरघळावी तसे संगीत त्या मिश्रणात विरघळून जाते. दुधातून साखर परत काढणे जितके कठीण, तितकेच त्या मिश्रणातून संगीत वेगळे करणे कठीण असते. म्हणून मिश्रणापूर्वीची जी स्वतंत्र संगीतफीत, तिचे मोल संग्राहकाला सर्वांत अधिक वाटते. आणि निर्मात्याच्या लेखी, चित्रपट प्रदर्शित झाल्यावर, तिचे मोल शून्य होते. या दोन मोलांमधील अंतरातच या छंदाचा उगम आहे.

आपल्याकडे पार्श्वसंगीताची तबकडी का निघाली नाही, याचे उत्तर तबकडीच्या व्यासात आहे. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. तेवढ्यात एक गाणे बसते. म्हणून ग्रामोफोन कंपन्यांनी गाणे हेच विक्रीचे एकक ठरविले, आणि गाण्यांपलीकडचे चित्रपटातील संगीत त्या व्यापारात कधी शिरलेच नाही. गाण्यांनाही त्या सव्वातीन मिनिटांचा जाच होताच: पडद्यावरील गाण्यातील एखादा अंतरा तबकडीवर नाही, वाद्यांचे मधले भरण निराळे आहे, क्वचित लय वाढवून गाणे पुन्हा म्हटलेले आहे, असे प्रकार जुन्या संग्राहकांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. ‘महल’ (१९४९) मधील जे गाणे लता मंगेशकर यांच्या कीर्तीचा पाया ठरले, त्याच्या मूळ तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापलेले होते, इतकी नोंदीविषयी बेफिकिरी होती.

आणि आरंभीच्या काळात तर गाण्यांचेही भाग्य निश्चित नव्हते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पण त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका त्या वेळी निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. म्हणजे भारतीय बोलपटातील पहिले गाणे कसे वाजले हे ऐकून सांगण्याचे साधनच आपल्यापाशी उरलेले नाही. त्यानंतर वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने गोविंदराव टेंबे यांच्या संगीताने नटलेला ‘अयोध्येचा राजा’ काढला, आणि तो मात्र टिकला. टेंब्यांची पेटी आज ऐकता येते आणि ‘आलम आरा’तील सूर ऐकता येत नाहीत, यात गुणवत्तेचा संबंध लवमात्र नाही, एका चित्रपटाची प्रत कोणाच्या तरी हाती सुरक्षित राहिली आणि दुसऱ्याची राहिली नाही, एवढाच फरक आहे.

येथे ‘प्रभात’च्याच ‘कुंकू’चे (१९३७) स्मरण करणे अगत्याचे वाटते. केशवराव भोळे यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटात दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत मुळीच वापरले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातील, त्या रस्त्यावरील वस्तूंचेच असावे असा निर्बंध त्यांनी घालून घेतला होता. घड्याळाची टिकटिक, छत्रीचा आपटल्याचा आवाज, ग्रामोफोनची तबकडी यांवर तो चित्रपट उभा आहे. ज्यांना पार्श्वसंगीताचे कार्य काय असते हे समजून घ्यावयाचे असेल त्यांनी ‘कुंकू’ पाहावा. कारण ते नसताना प्रेक्षकाच्या मनाला स्वतःहून किती वाट चालावी लागते, हे तेथे कळते. आणि मग बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (१९६०) पाहावा. त्यातही गाणी नाहीत. परंतु सलिल चौधरी यांचे पार्श्वसंगीत आहे, आणि न्यायालयातील शांततेला त्यांनी जो ताण दिला आहे तो कोणत्याही गाण्याहून कमी नाही. नऊ वर्षांनी आलेल्या ‘इत्तेफ़ाक’लाही त्यांचेच पार्श्वसंगीत आहे, आणि त्यातही गाणे नाही.

हे संगीत वाजविणारे हात कोणाचे होते? फार मोठ्या प्रमाणावर गोव्याचे. खेड्यापाड्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली गोमंतकीय मुले मुंबईला आली, आणि संगीतकाराने पेटीवर गाऊन दाखविलेली चाल साठ वाद्यांत वाटून देण्याचे काम त्यांच्या हाती आले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले अंतोनियो झेवियर वाझ ही त्यांतील काही ठळक नावे. पडद्यावरील श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई. वाद्यवृंदातील मंडळींची नावे बहुधा येत नसत. त्यांनी हाताने लिहिलेले स्वरलेखनाचे कागद ध्वनिमुद्रण आटोपल्यावर क्वचितच कोणी जपले. युरोपात एखाद्या संगीतिकेची ध्वनिफीत जळाली तरी लिखित संहिता उरते व ती पुन्हा वाजविता येते. आपल्या चित्रपट-पार्श्वसंगीताच्या बाबतीत संहिता गेली, मूळ फीतही गेली, आणि उरला तो चित्रपटाच्या प्रतीवर, चित्रांच्या कडेने धावणाऱ्या अरुंद ध्वनिपट्टीत अडकलेला मिश्र आवाज.

मूळ फिती कशा नष्ट होतात हेही सांगितले पाहिजे. १९५० च्या सुमारापर्यंतचे चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असत, आणि नायट्रेट हा पेट घेण्यास आतुर असा पदार्थ आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कित्येक जुनी नायट्रेट रिळे भस्मसात झाली. त्यानंतरची ॲसिटेटची फीत पेटत नाही, पण उष्ण व दमट हवेत ती आतून कुजते; तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकडी होते, आणि वर लोहभस्माचा चुंबकीय लेप असलेल्या ध्वनिफितीला हा रोग अधिक लवकर जडतो. विदर्भातील उन्हाळा आणि मुंबईतील पावसाळा हे दोन्ही या फितींचे वैरी. स्टुडिओ बंद पडला, गोदामाचे भाडे थकले, की डबे भंगारात जातात. ज्याच्या हाती डबा येतो त्याला आत काय आहे हे ठाऊक नसते आणि ज्याला ठाऊक असते त्याच्या हाती डबा येत नाही.

अमेरिकेत हा छंद आपल्यापूर्वी संघटित झाला, आणि ‘बूटलेग’ हा शब्दही तेथलाच. बुटाच्या उंच पायात दारूची बाटली दडवून नेण्यावरून तो आला. पुढे हक्कदाराच्या संमतीवाचून काढलेल्या ध्वनिमुद्रिकेला तो चिकटला. तेथे वादकांच्या संघटनेचा करार असा होता की चित्रपटासाठी वाजविलेले संगीत तबकडीवर घ्यावयाचे तर वादकांना पुन्हा मेहनताना द्यावा लागे. त्यामुळे कंपन्या अर्ध्या तासाचे संगीत काढून थांबत आणि उरलेले तसेच पडून राही. ही उणीव चोरट्या तबकड्यांनी भरून काढली. १९५४ च्या ‘द केन म्युटिनी’ या चित्रपटाची तबकडी तर दंतकथाच होऊन बसली: एका बाजूला मॅक्स स्टायनर यांचे संगीत आणि दुसऱ्या बाजूला चित्रपटातील लष्करी न्यायालयाचे संवाद अशी तिची योजना होती, मूळ कादंबरीचे लेखक हर्मन वूक यांनी संवादांना हरकत घेतली, कंपनीने तबकडी मागे घेतली, आणि जे मोजके नग बाहेर राहिले त्यांच्या चोरट्या नकला पुढे वर्षानुवर्षे फिरल्या. त्याहून हृदयद्रावक कथा ॲलेक्स नॉर्थ यांची आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) त्यांनी संगीत रचले, ध्वनिमुद्रित केले, आणि ते चित्रपटात घेतलेलेच नाही हे त्यांना चित्रपट पाहताना कळले. १९९३ साली जेरी गोल्डस्मिथ यांनी ते नव्याने वाजवून घेतले, आणि मूळ ध्वनिमुद्रण २००७ साली प्रसिद्ध झाले. एकोणचाळीस वर्षे लागली. नॉर्थ तोवर हयात नव्हते.

आपल्याकडे अशा घटना घडल्याच नाहीत असे नाही. ‘पाकीज़ा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली वारले, चित्रपट १९७२ साली प्रदर्शित झाला आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी दिले. मधल्या दीर्घ काळात ध्वनिमुद्रित झालेली आणि चित्रपटात न आलेली गाणी ग्रामोफोन कंपनीने पुढे ‘पाकीज़ा रंग-बरंग’ या नावाच्या स्वतंत्र तबकडीवर काढली, आणि एका उपेक्षित संगीतकाराचे मोठेपण त्याच्या पश्चात लोकांच्या ध्यानी आले. मदन मोहन यांच्या निधनानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २००४ साली, त्यांच्या संग्रही राहिलेल्या अप्रकाशित चालींवर ‘वीर-ज़ारा’ची गाणी उभी राहिली. घरातल्या माणसांनी फिती जपल्या, म्हणून हे शक्य झाले.

पार्श्वसंगीताला तबकडीचा मार्ग आपल्याकडे मोकळा झाला तो आडवाटेने, संवादांच्या पाठीवर बसून. ‘शोले’च्या (१९७५) गाण्यांच्या तबकडीहून संवादांची तबकडी अधिक गाजली, हे सर्वश्रुत आहे, पानाच्या टपरीवर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात ती वाजे, आणि आमच्याकडच्या कितीतरी लोकांना तो चित्रपट पाहण्यापूर्वी पाठ होता. त्या संवादांच्या मागे राहुलदेव बर्मन यांचे पार्श्वसंगीत आहे. आपण संवाद ऐकतो आहोत अशी समजूत करून घेऊन एका अख्ख्या पिढीने ते संगीत कानांत साठविले. गंमत अशी की त्याच ‘शोले’साठी मुद्रित झालेली एक कव्वाली, जीत गीतकार आनंद बक्षी स्वतः गायले आहेत, चित्रपटात आली नाही पण तबकडीवर आली. म्हणजे जे चित्रपटात होते त्यातले पुष्कळसे तबकडीवर नाही, आणि जे चित्रपटात नव्हते ते तबकडीवर आहे. संग्राहकाला दोन्हीकडे कान ठेवावा लागतो तो यासाठी.

आमच्या भागात चित्रपट येई तो कसा? वितरणाच्या हिशेबात हा सारा मुलूख ‘सी. पी. बेरार’ या नावाने ओळखला जातो. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून गेला, पण चित्रपट-व्यवसायाच्या दफ्तरात तो अजून जिवंत आहे, आणि त्याचे व्यवहार अमरावती-भुसावळकडून चालत. रेल्वेने डबे येत. मोठ्या शहरांत महिनोन्महिने चालून घासलेली प्रत लहान गावी आणि जत्रेतल्या तंबूत पोहोचे तोवर रिळांची टोके झिजलेली असत आणि जोड दिलेल्या जागी संगीत खट्‌कन तुटे. आमच्या पिढीने ज्या चाली ऐकल्या त्या या तुटलेल्या रूपात. पुढे कधीतरी अखंड रूप ऐकू आले तेव्हा तेच चुकीचे वाटले. याला मी दोष म्हणत नाही. ऐकण्याच्या इतिहासात ती तूटही नोंदविण्याजोगी आहे.

मग आला कॅसेटचा काळ. पुलगावसारख्या बाजाराच्या गावी ‘कॅसेट भरून देणारी’ दुकाने निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळे. हा व्यवहार कायद्यात बसत नव्हता, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन चोरट्या नकलांसाठीची शिक्षा कडक झाली ती याच सुळसुळाटामुळे. बाजारात विकत मिळणाऱ्या वस्तूची नक्कल करून विकणे म्हणजे वादक, गायक आणि कंपनी या तिघांच्या ताटातले काढून घेणे होय. त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु जे कधी विक्रीस आलेच नाही, ज्याचा मूळ मालकही ते विसरला आहे, ते एखाद्याने स्वतःच्या अभ्यासासाठी जपले, तर त्याला त्याच पंक्तीत बसविणे न्यायाचे नाही. कायदाही खासगी उपयोग व संशोधन यांसाठी उचित वापराची मुभा देतो. तोच कायदा म्हणतो की ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतो. ‘महल’ची १९४९ सालची तबकडी या हिशेबाने २०१० च्या प्रारंभी मुक्त झाली. रचनेचा हक्क निराळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे वसंत देसाई यांच्या बाबतीत २०३५ अखेर. पण जे ध्वनिमुद्रण कधी प्रसिद्धच झाले नाही, त्याची साठ वर्षे मोजावयास आरंभ तरी कोठून करावयाचा? विस्मृतीत पडलेली फीत अशा रीतीने सर्वांत अधिक काळ बांधलेली राहते, ही या कायद्यातील उणीव आहे आणि ती दूर झाली पाहिजे असे माझे मत आहे.

चित्रपटाबाहेरचे एक उदाहरण येथे फार बोलके ठरेल. ‘गीतरामायण’ आपण सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात ऐकतो, कारण ध्वनिमुद्रिका त्या आवाजात निघाल्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर जी ५६ गीते प्रसारित झाली ती मात्र अनेक गायक-गायिकांच्या कंठातून आलेली होती. ज्यांनी ते प्रसारण ऐकले त्यांच्या मनात माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांडे यांचे सूर वसले. पुढच्या पिढीला ते ठाऊकच नव्हते. रेडिओवरून उतरविलेल्या फितींचे मोल काय असते हे यावरून ध्यानी यावे. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत रसिकांचे कान रेडिओ सिलोनकडे लागले. त्या काळी लघुलहरींवर आलेल्या लाटांसकट उतरविलेली गाणी आजही जुन्या स्पूलवर सापडतात.

आता माझ्या कॅसेटकडे परत येतो, कारण या छंदाचे शास्त्र तिनेच मला शिकविले. तिच्यातील एक लहानशी सुरावट मी एकदा पेटीवर शोधू लागलो. सूर काळी एकच्या पुष्कळ वर आणि पांढरी दोनच्या किंचित खाली, असा अधांतरी लागला. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असावा म्हणून तो बदलला, सूर तेथेच. यंत्र दुसरे घेतले, सूर तेथेच. उलगडा पुढे झाला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतला जातो. आपले दूरदर्शन सेकंदाला २५ चित्रे दाखविते. त्यामुळे दूरदर्शनवर चित्रपट शेकडा चार या प्रमाणात लवकर धावतो, १६० मिनिटांचा चित्रपट सुमारे १५४ मिनिटांत संपतो, आणि सारे संगीत पाऊण पट्टीच्या जवळपास, म्हणजे काळी एकपासून पांढरी दोनपर्यंतच्या वाटेवर तीन-चतुर्थांश अंतर, वर चढते. माझा सूर अधांतरी नव्हता. मूळ सूर काळी एकचाच होता. ज्या ज्या घरी दूरदर्शनवरून संगीत उतरविले गेले त्या त्या घरी ही चूक फितीत बसलेली आहे, आणि फितीवर ‘दूरदर्शन’ हा एक शब्द लिहिलेला असेल तरच ती दुरुस्त करता येते. त्या निळ्या शाईतल्या एका शब्दाने मला मूळ सूर मिळवून दिला.

पुढच्या काळात साधने वाढली. पुष्कळ डीव्हीडींवर ध्वनी अनेक वाहिन्यांत विभागलेला असतो आणि संवाद बहुधा मधल्या वाहिनीत. ती बंद केली की बाजूंच्या वाहिन्यांतून संगीत पुष्कळसे मोकळे होते. अलीकडे तर संगणकाला शिकवून एकाच मिश्रणातून कंठ आणि वाद्ये विलग करता येतात. बीटल्सच्या जुन्या फितींवर असे काम झालेले जगाने ऐकले. पण विलग केलेल्या सुरांच्या कडांना एक पाणचट थरथर येते, आणि जे संवादाखाली पुरते दबले गेले ते यंत्रालाही अंदाजानेच भरावे लागते. म्हणून मूळ फितीचा शोध थांबविता येत नाही, आणि यंत्राने घडविलेल्या प्रतीवर तसे स्पष्ट लिहून ठेवणे हे संग्राहकाचे कर्तव्य ठरते.

नोंद हाच या छंदाचा प्राण आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ या खंडांत गाण्यागणिक ध्वनिमुद्रिकेचे क्रमांक दिले, आणि कोणत्या गाण्याची तबकडी आहे व कोणत्याची नाही हे प्रथमच तपशीलवार समजले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले. तिचे कार्यवाह सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’ या देशी छापाच्या तबकड्या शोधून काढल्या, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचे अंकीकरण झाले. ही कामे सरकारी हुकुमाने झाली नाहीत; चोरबाजारात आणि जुन्या बाजारात गुडघे टेकून धूळ झटकणाऱ्या माणसांनी ती केली. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रत्येक प्रकाशकाला ठरावीक ग्रंथालयांकडे प्रत पाठवावी लागते. ध्वनिमुद्रणांसाठी तसा कायदा नाही. तो व्हावा. पण तोवर वाट पाहत बसण्याइतके आयुष्य या फितींना नाही.

वाचकांना विनंती एवढीच की घरातील माळा आवरताना स्पूल किंवा कॅसेट सापडली तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. काही लिहिलेले नसेल तर जे आठवते ते लिहा: चित्रपट कोणता, कोठून उतरविला, कोणत्या साली, कोणत्या यंत्रावर, मध्ये बोलणारे माणूस कोण. बुरशी दिसली तर फीत वाजवू नका. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. फार जुनी व मोठी रिळे असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहा. आणि कॅसेट असेल तर तिच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या ज्या दोन लहान चकत्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. ‘अचानक’च्या कॅसेटवरील दोन्ही चकत्या मी मोडल्या आहेत.